सिव्ह ७ घेतला, पण युग बदललं की आपलं राज्य आपलं वाटत नाही, तुम्हाला पण असंच होतंय का?

गोडोलीकर (सातारा)

राम राम मंडळी. सिव्हिलायझेशन ७ (सिव्ह ७), टर्ननं म्हणजे पाळीपाळीनं राज्य उभं करायचा तो कॉम्प्युटर गेम, घेतला एकदाचा. २०२५ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा किंमत बघून गप बसलो होतो, सेलची वाट बघत बघत आता घेतला. दोन गेम पूर्ण झालेत आणि तिसरा निम्म्यात आहे, त्यामुळं हे सगळं पहिलंवहिलं मत समजा, कुठं चुकत असेन तर सांगा.

माझी सुरुवात सहाव्या भागापासनं. लॉकडाऊनमध्ये, २०२० च्या मे महिन्यात एपिकच्या ऑनलाइन दुकानात सिव्ह ६ फुकट मिळाला होता बघा, तेव्हा आमच्या गल्लीतल्या चौघांनी एकाच दिवशी डाउनलोडला लावला होता आणि तो सगळा उन्हाळा आम्ही त्याच्यातच काढला. आई रात्री दोनला पाणी प्यायला उठायची आणि मी जागाच, "एवढा एक टर्न झाला की झोपतो" म्हणायचो आणि ते खरं कधीच व्हायचं नाही. सांगायचं कारण म्हणजे मी हा गेम टाइमपास म्हणून खेळत नाही, मला त्याच्याविषयी मनापासून वाटतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आवडलेलं आधी सांगतो. कामगार काढून टाकले ते फार बरं झालं. सहाव्यात प्रत्येक शेताला, प्रत्येक खाणीला बिल्डर पाठवायचा, त्याचे तीन चार्ज संपले की परत नवा बनवायचा, शेवटी शेवटी त्याचा वैताग यायचा. आता लोकसंख्या वाढली की शहर कुठल्या बाजूला वाढवायचं तेवढंच ठरवायचं. कमांडर पण मस्त आहे, चार तुकड्या त्याच्यात भरायच्या, रस्त्यानं नेऊन शत्रूच्या वेशीवर उतरवायच्या, आणि बढत्या त्यालाच मिळतात त्यामुळं त्याच्यावर जीव बसतो. आणि नकाशा! मोठ्या नद्यांमधनं आता जहाजं थेट आतपर्यंत जातात. शहर वाढत वाढत डोंगराच्या कडेला टेकतं तेव्हा मी झूम करून नुसता बघत बसतो.

आता खटकलेलं. पहिलाच गेम अशोक आणि मौर्य घेऊन खेळलो. इराणचा राजा झर्क्सीझ शेजारी, त्याच्याशी भांडण लागलं, त्याचं नदीकाठचं एक शहर घ्यायला मी पंधरा वीस टर्न खर्च केले, हत्ती आणले, तटबंदी पाडली, शहराची ताकद एवढीशी राहिली होती, फक्त एक हल्ला, आणि तेवढ्यात प्राचीन युग संपलं. स्क्रीन आली, नवीन संस्कृती निवडा म्हणाली. मी चोळ निवडले. पुढच्या युगात आलो तर लढाई बंद, हत्ती गायब, कमांडर आपला माझ्याच राजधानीजवळ उभा, आणि राजधानी सोडून माझी बाकीची शहरं परत टाउन (खालच्या दर्जाची लहान वस्ती) झालेली. आणि ते झर्क्सीझचं शहर त्याच्याकडंच.

मी लॅपटॉप बंद केला आणि झोपलो, सहाव्यात असं कधी केलं नव्हतं.

म्हणजे सहाव्यात कसं, ख्रिस्तपूर्व ४००० मध्ये जो माणूस घेऊन बसलो तोच माणूस, तीच संस्कृती घेऊन चंद्रावर जायचो. आपण उभं केलेलं एक सलग काहीतरी असायचं. इथं प्राचीन, मग एक्स्प्लोरेशन, मग मॉडर्न असे तीन तुकडे आणि प्रत्येक तुकड्याला नवीन नाव. माझं राज्य कुठलं मग? मौर्यांचं होतं ते कुठं गेलं?

विचारायचं एवढंच की हे मलाच खटकतंय का? पुढं सवय होते का? का मी चुकीच्या पद्धतीनं खेळतोय? जे बरेच दिवस खेळतायत त्यांनी जरा सविस्तर सांगा.

हळदपेठ_सांगली

भावा पहिली गोष्ट, तुझी सेटिंग बघ. गेम सुरू करताना युग बदलताना काय व्हावं त्याचा एक पर्याय असतो, रिग्रूप आणि कंटिन्युइटी. आला तेव्हा हा पर्यायच नव्हता, लोकांनी लई ओरड केली, म्हणून नंतरच्या अपडेटमध्ये दिला. रिग्रूपमध्ये तू म्हणतोस तसंच होतं, सगळं गोळा करून परत मांडल्यासारखं. कंटिन्युइटी केलं की तुकड्या जागच्या जागी राहतात. तुझ्याकडं रिग्रूप असणार.

दुसरी गोष्ट, युग कधी संपणार ते आधी कळतं. वर टक्केवारी दिसते बघ, ती शंभरला गेली की युग संपलं. आणि ती नुसती टर्ननं वाढत नाही, कुणी विज्ञान, संस्कृती, लष्कर, व्यापार यातला टप्पा पूर्ण केला की एकदम उडी मारते. त्यामुळं ऐंशीच्या पुढं गेल्यावर नवीन वेढा घालायचाच नाही. त्याच्या आधी तह कर आणि तहात शहर मागून घे, देतात की, मी दोनदा घेतलंय.

तिसरं, शहरं टाउन झाली म्हणून एवढं वाईट वाटून घेऊ नको. मला सुरुवातीला तसंच वाटलेलं. पण टाउन म्हणजे आपली पेठ समज. आमच्या सांगलीत हळद येते कुठनं, आख्ख्या मुलखातनं, बाहेरच्या राज्यातनं पण, इथं तिचे पैसे होतात. टाउनचं तसंच आहे, तिथं जे काही उत्पादन होतं त्याचं सोनं होऊन तुझ्या तिजोरीत येतं आणि शेतीचं टाउन केलंस तर धान्य जोडलेल्या शहराला जातं. सगळीच शहरं करायची नसतात, तीन चार शहरं आणि बाकी पेठा असं ठेव, पैसा कमी पडत नाही.

आणि तू नद्यांचं लिहिलंस म्हणून सांगतो, मला या गेममध्ये सगळ्यात जास्त कशानं धरून ठेवलं असेल तर पुरानं. मी सवयीनं नदीकाठीच गाव वसवतो, आम्ही कृष्णाकाठची माणसं, पाण्यापासनं लांब राहायचं डोक्यातच येत नाही. आणि मग पूर येतो, बाजार मोडतो, धान्याचं कोठार मोडतं, सोनं घालून सगळं दुरुस्त करायचं. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आमच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं, खालच्या थरातली सगळी पोती गेली, वडील आठ दिवस कुणाशी बोलले नव्हते. त्यामुळं गेममध्ये पहिल्यांदा पुराचा तो आवाज आला तेव्हा मी खरंच ताठ होऊन बसलो. पण त्यांनी एक गोष्ट बरोबर दाखवलीय, पूर ओसरला की त्या जागेचं उत्पन्न वाढतं. मळीच्या रानात कसं वांगं येतं ते आमच्याकडं कुणालाही विचार. पुराचा जोर किती हवा ते पण सुरुवातीला ठरवता येतं, मी मध्यमच ठेवतो, एकदम कमी केलं तर नदीला काही अर्थच राहत नाही.

साध्या_लॅपटॉपवाला

मधेच विचारतो माफ करा. माझा लॅपटॉप पाच वर्षं जुना आहे, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६५०. चालेल का? आमच्या इकडं लाईटचा पण भरवसा नसतो.

हळदपेठ_सांगली

चालेल. किमान म्हणून त्यांनी ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० सांगितलंय, जागा २० जीबी लागते. ग्राफिक्स मध्यमच्या खाली ठेव, शेवटच्या युगात जरा अडखळेल, पण हा काय गोळीबाराचा गेम नाही, तुझा टर्न तुझ्या सवडीनं. लाईटचं म्हणशील तर ऑटोसेव्ह असतं, फार तर एखादा टर्न परत खेळायला लागतो. जमलं तर रॅम तेवढी १६ करून घे, त्याचा फरक जास्त पडतो.

कऱ्हाडचा_जुना_खेळाडू

गोडोलीकर, मी तुमच्यापेक्षा बराच मोठा आहे, त्यामुळं जरा मागचं सांगतो. मी सिव्ह २ पासून खेळतोय. १९९६ चा तो गेम. आमच्याकडं तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, कॉलेजजवळ एका ओळखीच्यांचं टायपिंग क्लासचं दुकान होतं, तिथं दोन मशीन होती, क्लास सुटल्यावर आठ ते दहा आम्हाला बसायला मिळायचं. पहिला भाग १९९१ चा, सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी मायक्रोप्रोज कंपनीत असताना केलेला, तो मी फार नंतर बघितला.

तुम्हाला जे वाटतंय ते मला पाचव्याच्या वेळेला वाटलं होतं. चौथ्यात, २००५ च्या, नकाशावरच्या एकाच घरात वीस वीस तुकड्या रचून न्यायच्या, धर्म होते, सगळं भरगच्च. मग २०१० ला पाचवा आला, चौकोनी घरं जाऊन षटकोनी आली, एका घरात एकच तुकडी, आणि धर्म तर नव्हताच, तो २०१२ च्या विस्तारात (गेमला नंतर जोडलेली भर) परत दिला. मी वर्षभर हात लावला नाही त्याला, चौथाच खेळत राहिलो. आणि आज माझे सगळ्यात जास्त तास कुठल्या भागावर असतील तर पाचव्यावर. सहाव्याला पण लोक म्हणालेच, रंगीबेरंगी दिसतोय, पोरांचा गेम वाटतोय, शहराचे जिल्हे नकाशावर पसरलेले आवडले नाहीत. पूर आणि ज्वालामुखी तर त्याच्यात २०१९ च्या विस्तारात आले, तोपर्यंत नव्हतेच. म्हणजे या मालिकेचा प्रत्येक भाग विस्तार येऊन गेल्यावरच नीट भरतो, हे मी आता चार वेळा बघितलंय.

पण एक गोष्ट मी मान्य करतो आणि इथं तुमच्या बाजूनं आहे. आजपर्यंत जे जे बदललं ते खेळायची रीत होती. आपण कोण आहोत हे कधी बदललं नव्हतं. मी सिव्ह २ मध्ये भारत घ्यायचो, शेवटपर्यंत भारतच. सातव्यात पहिल्यांदा त्यांनी त्याला हात घातलाय, आणि हे लहान पाऊल नाही. २०२१ ला ह्यूमनकाइंड नावाचा गेम आला होता, त्यात युगागणिक संस्कृती बदलायची, तो मी पंधरा दिवसात सोडला कारण समोर कोण आहे तेच कळायचं नाही, काल इजिप्त होता आज तुर्क. सातव्यात निदान नेता तोच राहतो. तुमचा अशोक शेवटपर्यंत अशोकच आहे, समोरचा झर्क्सीझ पण झर्क्सीझच, त्यामुळं वैर आणि दोस्ती लक्षात राहते.

आणि नेत्यांचं निघालंच आहे तर, पहिल्या भागापासून सहाव्यापर्यंत भारताला गांधीजी होतेच, सातवा आला तेव्हा पहिल्यांदा नव्हते. पहिल्या भागात त्यांच्या आक्रमकतेचा आकडा चुकून उलटा फिरायचा आणि ते अणुबॉम्ब टाकायचे वगैरे जी गोष्ट सगळीकडं सांगतात ती खरी नाही. खुद्द सिड मायरनी २०२० च्या आपल्या आत्मकथनात सांगितलंय की असा दोष नव्हताच. कुणीतरी इथं परत ते लिहील म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता माझं खरं दुखणं. आला तेव्हा शेवटच्या विजयानंतर "अजून एक टर्न" म्हणून पुढं खेळत राहायची सोयच नव्हती. ज्या गेमची ओळखच ती, त्यात ती नव्हती! नंतर अपडेटमध्ये दिली, पण मला ते लागलं. आणि माहिती दाखवायची पद्धत अजून कच्ची आहे, कुठलं उत्पन्न कुठनं येतंय ते शोधायला चार ठिकाणी बोट ठेवायला लागतं. सहाव्यात एका नजरेत कळायचं.

मिरजवाली

गोडोलीकर दादा, तुम्ही साताऱ्यात गोडोलीत राहता आणि विचारताय की मौर्यांचं राज्य कुठं गेलं, तर खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघा असं मला म्हणावंसं वाटलं, रागावू नका. माझं आजोळ साताऱ्याचं, आजोबा सकाळी हाताला धरून किल्ल्यावर न्यायचे आणि वाटेत हीच गोष्ट सांगायचे. किल्ला शिलाहार भोजाचा, मग बहामनी, मग आदिलशाही, त्यांनी तर तिथं कैदी ठेवले. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतला. १७०० मध्ये औरंगजेबानं कितीतरी महिने वेढा घालून घेतला आणि नाव ठेवलं आझमतारा. परत आपल्याकडे आला, ताराबाईंच्या काळात अजिंक्यतारा झाला. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. १८४८ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. डोंगर एकच आहे. पाण्याची तळी तीच आहेत. आजोबा म्हणायचे तट कुणाचा ते विचारू नको, कुठला दगड कुणाचा ते विचार.

मला सातव्या भागात नेमकं हेच दिसलं, आणि म्हणून पहिल्याच गेममध्ये तो मला फार आवडला. तुमच्या पाटलीपुत्राचं नाव तसंच राहिलं ना? मौर्यांची धर्मशाळा आणि विहार एकाच घरात बांधून मठ केला असेल तर तो युग बदललं तरी टिकतो, जगातली आश्चर्यं म्हणून बांधतो ती वास्तू टिकतात. सांची बांधलं असेल तर ते मॉडर्न युगात रेल्वे येईपर्यंत तिथंच दिसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेकजण बघतच नाहीत, धोरणांच्या पडद्यावर परंपरा म्हणून जी कार्डं असतात ती मौर्यांची असतात, चोळ झाल्यावरसुद्धा ती लावता येतात. म्हणजे जहाजं चोळांची आणि रीत मौर्यांची. मी एकदा तिन्ही युगांच्या परंपरा मिसळून खेळले आणि शेवटी जे राज्य झालं ते दुसऱ्या कुणाचंच नसतं, ते माझंच होतं.

जुन्या इमारतींवर नवीन बांधायचं असतं हे पण बघा. आधीच्या युगातल्या साध्या इमारतींना शेजारच्या घरांमुळं मिळणारा फायदा जातो, मग त्याच जागी नवीन युगाची इमारत चढवायची. पहिल्यांदा मला ग्रंथालय पाडताना हात उचलेना. पण मिरजेत आमच्या गल्लीत बघा, जुन्या वाड्याच्या जोत्यावरच नवीन घर उभं असतं, जोतं कुणी खणून काढत नाही.

तरी सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मला मनापासून टोचते. संस्कृतीचा विजय. शेवटच्या युगात संस्कृती म्हणजे काय, तर एक्स्प्लोरर पाठवून जमिनीतून जुन्या वस्तू खणून काढायच्या, पंधरा झाल्या की जागतिक प्रदर्शन भरवायचं. बस्स? सहाव्यात लेखक होते, चित्रकार होते, संगीतकार होते, त्यांनी केलेलं काम नाट्यगृहात, संग्रहालयात ठेवायचं, त्याला बघायला दुसऱ्या देशाचे लोक यायचे. मी मिरजेत वाढले, आमच्या शाळेच्या वाटेवर सतारमेकर गल्ली, भोपळे उन्हात वाळत ठेवलेले असायचे, तारा जुळवायचा आवाज यायचा. त्या गावच्या माणसाला संस्कृती म्हणजे नुसत्या पुरलेल्या वस्तू हे पटत नाही. जिवंत माणसं कुठं गेली या गेममधली? विस्तारात संगीतकार परत आणले तर मी पहिल्या दिवशी पूर्ण किंमत देऊन घेईन, सेलची वाट बघणार नाही.

वाईकर_घाट

ताई तुम्ही किल्ल्याचं सगळं बरोबर लिहिलंय आणि तेच वाचून मला जे बोलायचं होतं ते अजून जोरात बोलतो. भारताची वाट त्यांनी मौर्य, चोळ, मुघल अशी ठेवलीय. प्राचीन मौर्य, ठीक. एक्स्प्लोरेशनला चोळ, उत्तमच, आरमार होतं त्यांचं, समुद्रापार गेले होते, जहाजं आणि व्यापारी दिलेत ते शोभतं. पण मॉडर्नला मुघल? गेममध्ये मॉडर्न युग साधारण १७५० च्या पुढं सुरू होतं. १७५८ ला मराठे अटकेपर्यंत गेले होते. दिल्लीचा बादशहा कुणाच्या आधारावर होता तेव्हा? सातारच्या गादीच्या नावानं अर्ध्या हिंदुस्थानात चौथ गोळा होत होती. बाबर अकबराचा काळ एक्स्प्लोरेशनमध्ये बसतो, तिथं मुघल ठेवा ना, माझी काहीच हरकत नाही, मोठं राज्य होतं. पण १७५० च्या पुढं भारतातली सत्ता म्हणून मुघल दाखवणं इतिहासाला धरून नाही.

आणि मराठे गेममध्ये बसवता येत नाहीत असं नाही. २००९ च्या एम्पायर टोटल वॉरमध्ये मराठे घेऊन खेळता येतं. युरोपा युनिव्हर्सालिस ४ मध्ये मराठा राज्य उभं करता येतं, मी केलंय, तीन वेळा. मग इथं का नाही?

मी तर वहीत लिहून काढलंय कसे असावेत ते. खास बांधकाम डोंगरी किल्ला, डोंगरावरच बांधता येईल, शेजारच्या घरातल्या शत्रूची चाल कमी होईल आणि आपल्या तुकड्या तिथं लवकर बऱ्या होतील. घोडदळाच्या तुकड्या दोन, बारगीर स्वस्त पण सोन्याचा दर टर्नचा खर्च जास्त कारण घोडा सरकारचा, शिलेदार महाग पण नंतर खर्च कमी कारण घोडा त्याचा स्वतःचा. कमांडरला गनिमी काव्याची बढती, हल्ला करून परत मागं सरकता येईल. आणि राज्याचा खास गुण चौथ, ज्याच्याशी तह झालाय त्याच्या सोन्याच्या उत्पन्नातला ठराविक वाटा आपल्याला, वर सरदेशमुखी म्हणून थोडा प्रभाव. आरमाराला गुराब आणि गलबत. सांगा यात काय चुकतंय? मॉड (खेळाडूंनीच गेममध्ये घातलेली भर) करणारं कुणी असेल तर मी रात्रभर बसून मदत करायला तयार आहे, मला कोडिंग येत नाही पण इतिहासाचं सगळं मी बघतो.

कऱ्हाडचा_जुना_खेळाडू

वाईकर, चौथीची कल्पना फार चांगली आहे. फक्त वाटा ठराविक टक्के ठेवू नका, समोरच्याच्या किती वस्त्या आपल्या घोडदळाच्या टप्प्यात आहेत त्यावर ठेवा. मग चौथ टिकवायला घोडं फिरतं ठेवायला लागेल, आणि खरं तसंच होतं. गुराब गलबतं किनाऱ्यालगतच जोरात असावीत, खोल समुद्रात नाही.

हळदपेठ_सांगली

आणि किल्ल्याला धान्याचं कोठार जोडा राव. वेढ्यात किती टर्न तग धरायचा ते त्याच्यावर. नाहीतर नुसत्या भिंतीला काय अर्थ.

वाईकर_घाट

दोन्ही लिहून घेतलं. कोठार माझ्या डोक्यातनं सुटलंच होतं.

गोडोलीकर (सातारा)

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

हळदपेठ भावा, बघितलं, रिग्रूपच होतं. मी सुरुवातीला सगळ्या पर्यायांवर न बघता पुढं पुढं करत गेलो होतो. काल रात्री परत अशोक आणि मौर्य घेऊन नवीन गेम लावला, कंटिन्युइटी केलं, पूर मध्यम. झर्क्सीझ परत शेजारीच आला. या वेळेला टक्केवारीवर डोळा ठेवून होतो, बहात्तरला त्याचं नदीकाठचं शहर पडलं, एक्क्याऐंशीला तह केला आणि तहात अजून एक टाउन मागितलं, दिलं त्यानं. एकदा पूर पण आला, माझे दोन बाजार गेले, दुरुस्तीला बरंच सोनं गेलं, पण गहू आता आधीपेक्षा जास्त येतोय त्या घरांमधनं. तुमच्या दुकानाचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडं वरती पाऊस लागला आणि कोयनेतनं पाणी सोडलं की तिकडं सांगलीत काय होत असेल हे आम्ही फक्त बातम्यांत बघतो.

मिरजवाली ताई, रागवायचं काय त्यात. आज सकाळी खरंच किल्ल्यावर जाऊन आलो, बऱ्याच महिन्यांनी. दक्षिणेकडच्या दरवाज्यापाशी बसून होतो जरा वेळ. परंपरांची कार्डं मी आजवर उघडूनच बघितली नव्हती, मौर्यांची दोन लावलीत आता चोळांच्या वर. मठ पण टिकलाय, पाटलीपुत्राच्या अगदी मधोमध, आजूबाजूला सगळं नवीन आणि तो तसाच. मला अजूनही चिन्ह आणि रंग बदलले की छातीत जरा होतंच, ते जाईल असं वाटत नाही, कऱ्हाडचे काका म्हणतात तसं हे लहान पाऊल नाही. पण लॅपटॉप बंद करावासा वाटला नाही, पावणेतीनला झोपलो.

वाईकर, तुमची वही फोटो काढून टाका ना इथं, मला थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं, मॉडच्या फायली उघडून बघतो या रविवारी. आधी किल्ला जमतोय का बघू, घोडं नंतर.

आणि आता अडकलोय ते इथं, चोळांची कलम जहाजं चार बांधलीत आणि पलीकडच्या खंडाकडं निघालोय, पण सोनं घेऊन येणाऱ्या ताफ्यावर वाटेत हल्ले होतायत. ताफ्याबरोबर जहाजं ठेवता का तुम्ही, का किनाऱ्यावरच पहारा लावता?

हळदपेठ_सांगली

दोन बरोबर, दोन पुढं. आणि ताफा एकेकटा सोडू नको, दोन तीन जमले की एकदम काढ.